डोंगर गावाचा, पैसा कोणाचा?

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे येथील माणसे डोंगराकडे निघतात. पूर्वी हे वेड कॉलेजातील चार पोरांपुरते होते. आता कचेरीतील कर्मचारी, महिला मंडळे आणि मुलाबाळांसह सबंध कुटुंबे निघतात. आपल्या वस्त्यांतूनही रविवारी गाड्या भरून जातात. भटकंती म्हणजे नोकरदारांची चैन, असे म्हणून हा विषय आपण सोडून देतो. परंतु ज्या गावाच्या अंगणातून डोंगराची वाट जाते, त्या गावाच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणून वाचकहो, आज या मोकळ्या हवेतील करमणुकीचा जमाखर्च मांडू या.

असा जमाखर्च मांडता येतो काय? येतो. अमेरिकेने २०१६ साली त्यासाठी खास कायदा केला. डोंगर चढणे, मासेमारी, नौकानयन, रानात तंबू ठोकून राहणे यांतून देशाला किती उत्पन्न मिळते, याची मोजणी तेथील सरकारी खाते राज्यवार करते. २०२३ सालच्या मोजणीत हा वाटा देशाच्या एकूण उत्पन्नात २.३ टक्के भरला आणि सुमारे ५० लाख लोकांचा रोजगार त्यावर असल्याचे दिसले. हवाई या बेटांच्या राज्यात तर हा वाटा ६.३ टक्के निघाला. मात्र राज्याला किती मिळाले, एवढ्याने आपले समाधान होऊ नये. त्यातले डोंगराखालच्या घरात किती पोचले, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. पायथ्याला बारी गाव आहे. या पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती मोठी. याच परिसरात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांत गेले, तेथे ऊस उभा राहिला आणि पुढे सहकारी साखर कारखानेही निघाले. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र पावसावरचा भात, नागली, वरई एवढेच राहिले. भाताची कापणी झाली की पुष्कळ जोडपी मुलांना घेऊन नारायणगाव, जुन्नरकडे मजुरीला जातात. त्या मुलांच्या शाळेचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

म्हणजे डोंगरातले पाणी खाली गेले आणि माणूसही त्याच्या मागे खाली गेला. आज त्याच डोंगरापायी खालचा माणूस वर येतो आहे, ही गोष्ट साधी नव्हे. वैशाखाच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या रानात काजवे पाहावयास झुंबड उडते. पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात रतनगड, हरिश्चंद्रगड आणि सांदण दरी. वर्षातील पुष्कळ महिने येथे कोणी ना कोणी येतच असते.

परंतु माणसे आली म्हणजे पैसा आला, असे नाही. समजा, पाच माणसांच्या एका कुटुंबाने सहलीवर सहा हजार रुपये खर्च केले. पेट्रोल शहरात भरले, नाश्ता हमरस्त्यावरील हॉटेलात केला, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स दुकानातून आणले, मुक्काम बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये केला. गावाच्या हाती काय आले? गाडी लावण्याचे पन्नास रुपये आणि रिकाम्या बाटल्या! आता हेच कुटुंब गावातील घरी उतरले, तर दोन वेळचे जेवण माणशी दीडशे रुपयांप्रमाणे दीड हजार, चहा-पोहे तीनशे, वाटाड्याचे आठशे, असे दोन हजार सहाशे रुपये गावात थांबतात. शिवाय ते एका घरात थांबत नाहीत. तांदूळ शेजारणीकडचा, अंडी पलीकडच्या घरची, भांडी घासावयास आलेल्या बाईची मजुरी वेगळी. एकच नोट गावात चार हातांतून फिरते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक गावाने आपले खरे आकडे वहीत लिहून पाहावेत.

गावाने एकत्र येऊन काय करता येते, हे साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिसते. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासचा समावेश झाला आणि फुलांच्या हंगामात गर्दी लोटली. ती तशीच सोडली असती तर फुलेही राहिली नसती. तेथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन खात्याबरोबर व्यवस्था बसवली. प्रवेश शुल्क घेतले जाते, दिवसाला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली, गाड्या लांब थांबवल्या जातात. तिकीट, पहारा, साफसफाई व माहिती सांगण्याचे काम स्थानिक तरुण-तरुणींना मिळते. हंगाम थोड्या आठवड्यांचाच, तरीही घरापासून दूर न जाता मिळालेली मजुरी वेगळीच असते.

आता खरा प्रश्न वाटपाचा. ज्याचे घर रस्त्यावर, ज्याची ओसरी मोठी, ज्याच्याकडे पक्का संडास आहे, त्याच्याकडे पाहुणे उतरतात. भूमिहीन माणसाच्या एका खोलीत कोण उतरणार? म्हणून गावाने पाळी लावावी. मुक्काम एका घरी, स्वयंपाक दुसऱ्या घरचा, वाटाड्या तिसऱ्या घरचा. आणि पाळीच्या यादीतून गावकुसाबाहेरची घरे गळणार नाहीत, हे ग्रामसभेने लेखी ठरवावे. डोंगर सर्वांचा म्हणावयाचे आणि पाहुण्यांचे ताट मात्र ठरावीक घरांतून जावयाचे, ही जुनीच रीत नव्या धंद्यात शिरता कामा नये. जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हाती किंवा बचत गटाच्या खात्यात पडावेत. नाहीतर चूल तिची आणि खिसा दुसऱ्याचा, असे व्हावयाचे.

दुसरा धोका जमिनीचा. पाहुणे वाढले की जमिनीचे भाव वाढतात आणि दलाल उंबरठ्यावर येतो. आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही किंवा भाडेपट्ट्यानेही देता येत नाही, हा कायदा घराघरांत माहीत हवा. जमीन विकून आलेला पैसा लग्नात आणि मोटारसायकलीत जातो. मग जमिनीचा मालक त्याच जमिनीवरील रिसॉर्टच्या फाटकावर पहारेकरी होतो. याला विकास कसे म्हणावे?

तिसरी गोष्ट डोंगराची स्वतःची. काजव्यांचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. मोटारींच्या दिव्यांच्या झोतात ती हरवते. आज शंभर गाड्या जास्त घेतल्या आणि पुढे काजवेच उरले नाहीत, तर गावाचे भांडवलच बुडाले. शेतकरी बियाणे खात नाही. गावाने डोंगरही त्याच भावनेने राखावा.

आपण शहरात राहणारे यात काय करू शकतो? पुढच्या सहलीचा बेत करताना घरात बसून एवढे ठरवा. शिदोरी कमी न्यावी, गावात जेवावे आणि आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे सामान जमवता येते. वाटाड्या घ्यावा, पावसात निसरड्या कड्यावर त्याचे मोल मजुरीपेक्षा कितीतरी अधिक असते. शहरातील हॉटेलात बिलाचे पैसे मुकाट्याने देणाऱ्यांनी भाकरीच्या दरावर घासाघीस करू नये. घर कोणाचे, असे विचारू नये. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. मुलांना डोंगराची उंची सांगताना त्या घरातील मुले कोणत्या शाळेत जातात, हेही विचारावयास शिकवावे.

एवढ्याने गावाची गरिबी हटेल, असे कोणी समजू नये. पाणी, शाळा, दवाखाना आणि रोजगार हमीची कामे यांना सहलीचा पर्याय नाही. परंतु वर्षातील दोन महिने जरी एखाद्या जोडप्याला मुलांसह मजुरीला बाहेर पडावे लागले नाही, तर ती मुले तेवढे दिवस वर्गात बसतील. डोंगराच्या कमाईचे मोजमाप करावयाचे तर ते शाळेच्या हजेरीपटावर करावे.