लोकांना कळतं, हिशोब दाखवा

आमच्या पुण्यातल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हवामानबदलाचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, 'आपल्या लोकांना अवेअरनेसच नाही रे.' म्हणणारा दिवसभर एसीत असतो आणि वर्षातून दोनदा विमानाने फिरायला जातो. मीही त्यातलाच. तरी या वाक्याने डोकं फिरतं, कारण ते धंद्यातलं ओळखीचं आहे. ॲप कोणी वापरेना, की आम्ही म्हणतो, 'युजरला कळत नाही.' मग लॉग तपासले की कळतं, बटण आम्हीच भलत्या जागी ठेवलं होतं.

पुरावा म्हणून फ्रान्सचं नाव घेतलं जातं. १७ नोव्हेंबर २०१८ला इंधनावरच्या करवाढीविरुद्ध लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उतरले. डिसेंबरात सरकारने २०१९ची वाढ मागे घेतली. म्हणजे लोकांना पर्यावरण नको! पण त्याच वर्षी त्या सरकारने श्रीमंतांवरचा संपत्तीकर मोडीत काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. जिथे बस येत नाही अशा गावातून डिझेल गाडीने कामाला जाणाऱ्या माणसाने या दोन बातम्या शेजारी-शेजारी ठेवल्या. याला अज्ञान नाही, बेरीज-वजाबाकी म्हणतात.

मग पैसे परत द्या की, असं कोणी म्हणेल. कॅनडाने दिले. २०१९पासून इंधनावर कार्बन शुल्क लावलं आणि त्यातली बहुतेक रक्कम कुटुंबांना परत केली. तरीही १ एप्रिल २०२५ला सामान्य ग्राहकांवरचं हे शुल्क शून्यावर आणावं लागलं. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं, हे मान्य. पण शुल्क पंपावर दर खेपेला बोचायचं. परतावा आधी आयकर विवरणात मिसळून यायचा, पुढे तीन महिन्यांनी एकदा खात्यात पडायचा. विरोधकांना 'कर हटवा' एवढंच ओरडायचं होतं. हिशोब चोख असून भागत नाही, तो दिसावाही लागतो.

आपल्याकडे तर तो दाखवायचाच नाही, अशी पद्धत. २०१०पासून कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर होता. २०१६पर्यंत तो ४०० झाला. कोणी मोर्चा काढला? नाही, कारण घरच्या वीजबिलात तो कधी वेगळा दिसलाच नाही. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा झाला, पण मोठा भाग तिकडे गेला नाही. २०१७ला जीएसटी आला, उपकराचं नाव बदललं आणि तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. ही मान्यता नव्हे. खिशातून पैसे काढताना माणूस झोपलेला होता, एवढंच.

'लोकांना विचारत बसायला वेळ कुठे आहे?' हा पुढचा प्रश्न. न विचारता किती वेळ वाचला? फ्रान्सचा कार्बन कर त्यानंतर कित्येक वर्षं टनामागे ४४.६० युरोवरच गोठून राहिला.

मी चंद्रपूरचा. गावाला लागून २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती खाणी. बाबा कोळशाचा ट्रक चालवतात. २०२१मध्ये ग्लासगोत भारताने २०७०पर्यंत नेट झिरोचा शब्द दिला. गेल्या दिवाळीत मी बाबांना ते समजावून सांगितलं. त्यांनी विरोध केला नाही. उन्हाळा दरवर्षी अंगावर घेणाऱ्या माणसाला तापमान शिकवावं लागत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, 'चांगलंच हाये ना. मंग आमी ट्रकात काय भराचं?'

पुढचा कर लावाल तेव्हा वीजबिलात एक ओळ छापा: किती घेतले, कुठे गेले. आणि दुसरी ओळ कोळशावर जगणाऱ्या जिल्ह्यांसाठी काय केलं याची. त्या दोन ओळी छापून झाल्यावर खुशाल म्हणा, की लोकांना कळत नाही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते कँटीनमध्येही कोणाकडे नाही.