साठ अंशांचा मोह

गोल्फच्या एका फेरीत बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. अमेरिकेत हा नियम 1938 साली आला, ब्रिटनच्या ‘आर अँड ए’ या नियामक संस्थेने तो पुढच्या वर्षी स्वीकारला. ही कमाल मर्यादा आहे, पण नव्याने खेळू लागलेल्यांना बॅगेतली रिकामी जागा बघवत नाही. ती भरायला ते हमखास वेज घेतात, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या, उंच फटक्यांसाठीचा तिरप्या तोंडाचा क्लब. त्यातही 60 अंशांची लॉब वेज. फिल मिकलसनने सरळ आभाळात चढवलेला चेंडू ग्रीनवर अलगद टेकताना व्हिडिओत पाहिलेला असतो ना! पहिली वेज म्हणून ती घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

लॉब वेजचे समर्थक टॉम काइटचा दाखला देतात. नासात काम केलेले संशोधक डेव्ह पेल्झ यांच्या सल्ल्याने काइटने 1980च्या सुमारास 60 अंशांची वेज बॅगेत घातली आणि 1981 साली तो पीजीए टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आला. दाखला खरा आहे. पण काइट रोज तासन्‌तास सराव करणारा व्यावसायिक होता. रविवारी सकाळी खेळून दुपारच्या जेवणाला घरी पोहोचणाऱ्याची गोष्ट वेगळी. क्लबचं तोंड जितकं तिरपं, तितकी चुकीला माफी कमी. जोरात मारलेला चेंडू पुढे जायच्या ऐवजी वर जातो आणि क्लब जरा खालून गेला की जागच्या जागी टपकतो.

खरेदीची सुरुवात बॅगेतल्या पिचिंग वेजपासून व्हायला हवी. तिचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, किती अंशांचा आहे? ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो साधारण 48 ते 50 अंश असायचा. आज नवख्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये तो 43-44 पर्यंत उतरला आहे. कंपन्यांनी क्लबच्या डोक्याचं वजन तळाशी नेलं, त्यामुळे चेंडू सहज उंच उडू लागला. मग लॉफ्ट कमी करून अंतर वाढवता आलं आणि जाहिरातीत तेवढे जास्तीचे यार्ड मिरवता आले. आजची पिचिंग वेज ही तिरपेपणाने जुनी नऊ नंबरची आयर्नच आहे.

पंधरा-वीस वर्षांनी मैदानावर परतणारा इथेच फसतो. तो आयर्नचा सेट नवा घेतो आणि जुनी, हाताला बसलेली 56 अंशांची सँड वेज तशीच ठेवतो. पूर्वी दोन्हींत आठ अंशांचं अंतर होतं, आता ते बारा-तेरा होतं. पिचिंग वेजने शंभर यार्ड मारणाऱ्याला मग ऐंशी-नव्वद यार्डांसाठी क्लबच उरत नाही. अर्धवट स्विंगने ते अंतर काढावं लागतं आणि सराव नसलेल्याला सर्वांत अवघड जातो तो हाच फटका. त्यावर सोपा उपाय म्हणजे त्याच सेटमधली, दोन्हींच्या मधल्या लॉफ्टची गॅप वेज. कोणी तिच्यावर ‘ए’ कोरतं, कोणी ‘यू’. दिसायला ती इतर आयर्नसारखीच जाडसर असते, आणि चेंडू तोंडाच्या मधोमध लागला नाही तरी सांभाळून घेते.

दुसरी वेज 54 किंवा 56 अंशांची. घेताना ती उलटी करून तळ पाहावा. टायटलिस्टच्या वोकी वेजवर ‘56.10’ असे आकडे कोरलेले असतात. पहिला लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा. बाउन्स म्हणजे तळाचा मागचा भाग पुढच्या कडेच्या किती खाली उतरतो, त्याचं माप. तो पुरेसा असला की क्लब जमिनीत न रुतता घसरत पुढे जातो.

ही करामत लोकप्रिय केली गोल्फपटू जीन सॅराझेनने. विमान उडवायला शिकताना शेपटीच्या झडपा आणि विमानाचं नाक यांचा संबंध त्याच्या लक्षात आला. त्याने आपल्या निब्लिकच्या, म्हणजे त्या काळच्या तिरप्या तोंडाच्या आयर्नच्या, तळाला मागच्या बाजूने डाग देऊन धातू चढवला, म्हणजे वाळूत आधी मागची कड टेकेल आणि पुढची वर राहील. 1932च्या ब्रिटिश ओपनला प्रिन्सेस कोर्सवर तो क्लब अधिकाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून आपण बॅगेत उलटा ठेवत होतो, असं तो सांगे. स्पर्धा त्याने 283 फटक्यांत, पाच फटक्यांच्या फरकाने जिंकली.

आपल्याकडे बाउन्सच्या आकड्याला ऋतूही लागतो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर किंवा सिडकोच्या खारघर कोर्सवर जुलैत खेळणाऱ्याच्या पायाखाली चिखल असतो. कमी बाउन्सची वेज तिथे कुदळीसारखी घुसते. मे महिन्यात तीच जमीन टणक होते आणि फार जास्त बाउन्स आपटून उसळतो, मग चेंडू टॉप होऊन ग्रीनपार जातो. म्हणून 10 ते 12 बाउन्स घ्यावा. नवखा खेळाडू क्लब बहुधा वरून खाली कुऱ्हाडीसारखा आणतो आणि ही सवय बारमाही असते, त्यामुळे झुकायचंच तर जास्तीकडे झुकावं. क्लीव्हलँडच्या सीबीएक्ससारख्या मागून पोकळ, रुंद तळाच्या वेज याच खेळाडूंसाठी आहेत. त्या घ्यायला लाज कसली?

दुकानातल्या मॅटवर मात्र विश्वास ठेवू नये. चेंडूच्या दोन इंच मागे आपटलेला क्लबही तिथे घसरून पुढे जातो आणि फटका झकास वाटतो. शक्य असेल तर कोर्सवरच्या मित्राची वेज मागून गवतावरून, बंकरमधून दहा-वीस चेंडू मारून पाहावेत. सेकंडहँड घेताना तोंडावरच्या खाचांवरून नख फिरवावं. ते अडकत नसेल, तर ओल्या गवतातून मारलेला चेंडू ग्रीनवर थांबणार नाही, किंमत कितीही पाडून मिळाली तरी.