खंडेनवमीची करवत आणि बाजाराचे वारे

खंडेनवमीस सुताराच्या घरी करवत, रंधा व पटाशी यांस हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या मुहूर्तावर सातारा-सांगलीच्या पेठांतून पलंग, कपाटे व देव्हारे घरोघर रवाना होतात. परंतु या मालाच्या मोठ्या विक्रेत्याचे भवितव्य केवळ मुहूर्तावर ठरत नाही.

पहिला प्रश्न कराचा. लाकडी सामानावरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेस, नवे दर लागू झाले. बांबू व वेताच्या सामानावरील कर १२ वरून ५ टक्के झाला. लाकूड मात्र १८ वरच राहिले. याचा लाभ बुरुडास व्हावा, सुतारास होऊ नये, हे आम्हांस खटकते.

दुसरा प्रश्न स्पर्धेचा. एकाच छापाच्या मालाच्या किरकोळ व्यापारात केंद्राने २०१२ मध्ये पूर्ण परकी भांडवलास मुभा दिली. मात्र ३० टक्के माल भारतातून घेण्याची अट घातली. स्वीडनच्या ‘आयकिया’ने २०१८ मध्ये हैदराबादेत व २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत दुकान थाटले. सुटे भाग खोक्यात भरून द्यावयाचे, जोडणी गिऱ्हाइकाने करावयाची. त्यामुळे वाहतुकीचा व साठवणुकीचा खर्च वाचतो. आमच्या पेठेतील दुकानदारास हे साधत नाही. त्याचे बळ निराळे आहे : तो कपाट घरात बसवून देतो, हप्ते सांभाळून घेतो आणि बिजागरी निखळली तर सुतार धाडतो.

तिसरा प्रश्न कृष्णामाईचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१ च्या जुलैत महापूर पुन्हा आला. भिजलेले प्लायवूड फुगते व मातीमोल होते. दुकानाबरोबर गिऱ्हाइकाचा ऊसही बुडतो. ऊस, हळद व द्राक्षे यांचा पैसा हाती आला, तरच लग्नसराईचा पलंग विकला जातो.

म्हणून आम्हांस वाटते, व्यापाऱ्याने माल उंचावर ठेवावा, विमा उतरवावा व शासनाने सुताराच्या मालावरील कराचा पुनर्विचार करावा. आपणही खरेदीस निघताना स्वस्ताईबरोबर टिकाऊपणा पाहावा. करवतीला वाहिलेले कुंकू वर्षभर ताजे राहावयाचे, तर त्या हातांना काम मिळाले पाहिजे.