पेटी द्या, पण भाता तपासून

मान्यताप्राप्त संगीत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. धोरण चांगले, पण त्यात एक गोम आहे. आठवड्यातून दोनदा क्लासला जाऊन तबल्यावर हात बसत नाही. तो घरच्या रियाजानेच बसतो. म्हणजे ज्याच्या घरी डग्गा-तबला, त्याच्याच पदरात गुण. वाद्याच्या किमतीवर शिकणाऱ्यांची संख्या ठरते, हे विदर्भाला नव्याने सांगायला नको. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने गावेच्या गावे गाती केली, त्यात महाराजांच्या वाणीचा वाटा मोठाच. पण खंजिरी स्वस्त आणि एका हातात मावणारी होती, हेही विसरू नये. पेटीचे तसे नाही. ती एकतर विकत घ्यावी लागते, नाहीतर कुणीतरी द्यावी लागते.

देणारे नागपुरात आहेत. मुले पुण्याला, परदेशी गेली आणि पेटी माळ्यावर गेली, अशी घरे धरमपेठेत काय, महालात काय, शोधावी लागणार नाहीत. मात्र ‘आजोबांची आठवण आहे’ म्हणून हात आखडतो. भावना खरी आहे. पण बंद पेटीतल्या बनातीला कसर लागते, भात्याचे कातडे कडक होऊन चिरते आणि आपल्या मे महिन्यात तबल्याची पुडी तडकायला वेळ लागत नाही. वापरात नसलेले वाद्य जपले जात नाही, ते मरते. म्हणून देतानाच ते कारागिराकडून दुरुस्त करून द्यावे. फाटक्या भात्याची पेटी देणे म्हणजे दान नव्हे, दिवाळीची साफसफाई. गरीब घरावर दुरुस्तीचा खर्च टाकून पुण्य कसले?

मग शाळेलाच का देऊ नये? कारण शाळेत ते कपाटात जाते आणि स्नेहसंमेलनाला बाहेर येते. मुलाला घरी न्यायला मिळाले, तरच उपयोग. मुले मोडतील ही भीती रास्त आहे, पण ग्रंथालयांनी पुस्तके फाटतील म्हणून देवघेव बंद केली नाही. टोरांटोचे सार्वजनिक ग्रंथालय तर वाद्येही घरी नेऊ देते. शिकवणाऱ्या गुरुजींची हमी घ्यावी, थोडी अनामत ठेवावी, शिकणे सुटले की वाद्य परत, पुढच्या मुलाला.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सिव्हिल लाइन्समध्येच आहे. त्यांनी किंवा महापालिकेने एक खोली, एक नोंदवही आणि एक कारागीर एवढी सोय करावी. वाचकांनी तोवर माळ्यावरची पेटी खाली काढून भाता चालतो का, एवढे पाहून ठेवावे.