कान सांबऱ्याकडे

परवाच्या रविवारी सकाळी सांबऱ्याच्या रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही दोघे उभे होतो. दोघे म्हणजे मी आणि माझे सासरे. सासऱ्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. हातात काठी, स्वेटरच्या खिशात भाजलेल्या शेंगांची पुडी आणि डोक्याला कानटोपी. टोपी मात्र कान उघडे राहतील अशी वर दुमडलेली. मुतग्याकडून आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी बाईकवरून आला, थांबला आणि म्हणाला, "सर, कुणाला सोडायला आलात काय?" मी म्हटलं, "नाही रे, विमान बघायला आलोय." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि गुपचूप बाईक सुरू केली. सोमवारी स्टाफरूममध्ये मला चहाबरोबर विचारणा झाली, "काय सर, वैमानिक व्हायचा विचार आहे म्हणे?"

खरं तर मी त्या पोराला अर्धवटच सांगितलं. आम्ही विमान बघायला जात नाही, ऐकायला जातो.

हा नाद मूळचा सासऱ्यांचा. 1961 च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या कारवाईत हवाई दलाची हंटर विमानं याच सांबऱ्याहून उडाली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, शिकायला बेळगावात नातेवाइकांकडे राहत होते. पुढे बँकेत नोकरी लागली आणि ऐंशीच्या दशकात बदली झाली वास्कोला. घर मिळालं चिखलीत, दाबोळी विमानतळाच्या अगदी शेजारी. तेव्हा इंडियन एअरलाइन्सकडे बोइंग 737-200 होती. पंखाखाली चिकटवलेल्या सिगारसारखी दोन लांबोडकी इंजिनं, मागे काळ्या धुराची रेघ आणि आवाज असा की सासूबाईंच्या फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायला लागायची. नुकतंच निजवलेलं मूल (म्हणजे आजची माझी सौभाग्यवती) दचकून उठायचं. सासूबाई त्या विमानाला कन्नडात जे बोलायच्या ते इथे छापण्यासारखं नाही. आणि सासरे? ते चहाचा कप घेऊन व्हरांड्यात येऊन उभे राहायचे. बँकेत दिवसभर खतावण्या आणि शिक्के. त्या दिवसात तेवढाच एक मिनिट त्यांचा स्वतःचा, असं ते सांगतात.

1989 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस 320 आली. ती पहिल्यांदा ऐकल्यावर सासऱ्यांची प्रतिक्रिया होती, "ह्याचा गळा बसलाय काय?"

गळा बसलेला नव्हता, त्यामागे शास्त्र आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, म्हणून आमच्या फिजिक्सच्या सरांना गाठलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून समजावलं ते असं. जेट इंजिनाची गर्जना मुख्यतः मागून सुसाट बाहेर पडणारी हवा भोवतालच्या शांत हवेशी घुसळते त्यातून होते. सर जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने 1952 साली दाखवून दिलं की ही ध्वनिशक्ती त्या हवेच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की आवाजाची शक्ती 256 पट, आणि वेग निम्मा केला की तितक्याच पटीने कमी. जुन्या 737-200 च्या इंजिनात जेवढी हवा गाभ्यातून जळून जायची, साधारण तेवढीच त्याच्या बाजूने न जळता जायची. आताच्या नव्या इंजिनांच्या तोंडाशी भला मोठा पंखा असतो आणि बाजूने जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असते. पुष्कळ हवा, पण सावकाश ढकललेली. इंधन वाचतं, आणि चिखलीतल्या सासूबाईंसारख्या हजारो बायकांची पोरं झोपेतून उठत नाहीत. दर्दी लोक मात्र हळहळतात.

असे दर्दी जगभर आहेत. लंडनच्या हीथ्रोजवळ मर्टल ॲव्हेन्यू नावाची एक साधी गल्ली आहे, तिच्या टोकाच्या हिरवळीवर लोक घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन दिवस काढतात. 24 ऑक्टोबर 2003 ला काँकॉर्डची शेवटची प्रवासी उड्डाणं झाली, त्या दिवशी हीथ्रोभोवती माणसांची जत्रा लोटली होती. उड्डाणाच्या वेळी इंजिनाच्या मागच्या ज्वाळेत जास्तीचं इंधन फवारणारं ते विमान, छातीवर थाप मारल्यासारखं जायचं म्हणतात. आपल्याकडे 22 एप्रिल 2024 ला एअर इंडियाचं जंबो 747 मुंबईहून कायमचं गेलं. जाता जाता वैमानिकाने पंख डावीकडे-उजवीकडे कलवून निरोप घेतला. त्याची चित्रफीत सासऱ्यांनी मोबाइलवर माझ्याकडून किती वेळा लावून घेतली याची गणती नाही. पण मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो खर्ज येत नाही, आणि ते प्रत्येक वेळी मोबाइल परत देताना मान हलवत.

या नादाला धोकेही आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर धावपट्टीचं टोक आणि माहो बीच यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. तिथे कुंपणाला धरून उड्डाणाचा झोत अंगावर घेण्याची लोकांना भारी हौस. 2017 च्या जुलैत न्यूझीलंडची एक बाई त्या झोताने फेकली जाऊन मेली. ग्रीसमध्ये 2001 साली ब्रिटन आणि हॉलंडच्या अशाच हौशी मंडळींना हेर समजून पकडलं, शिक्षाही झाली, ते अपिलात सुटले. दिल्लीत 2010 साली दोन इंग्रज असेच अडकले होते. सांबरा तर हवाई दलाचं ठाणं. तेव्हा आमचा नियम सोपा : कॅमेरा नाही, मोबाइल खिशात, कुंपणापासून लांब, रस्त्याच्या कडेला. कानांना अजून कुणी परवाना मागितलेला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती सांगायला मला जरा अवघडच जातंय.

मी सासऱ्यांना 'मामा' म्हणतो. त्यांच्याकडे जावई 'मावा' म्हणतात. एका अक्षराचा फरक. ते मला 'मास्तर' म्हणतात, तो शब्द दोन्हीकडे चालतो. गेली वीस वर्षं ते कन्नडात बोलत आले, मी मराठीत उत्तर देत आलो. सीमाभागातल्या घरांना यात काही नवल वाटणार नाही. मला कन्नड समजतं सगळं, पण बोलायला जीभ वळत नाही, आणि खरं सांगायचं तर वळवायची कधी गरजही पडली नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी एका बातमीवरून आमच्यात सीमाप्रश्नावर वादावादी झाली. फार मोठी नव्हे. पण जेवताना झाली आणि ताटं अर्धवट राहिली. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की सासरे माझ्याशी धड बोलत नाहीत. मी मराठीत काही विचारावं आणि त्यांनी नुसतं हसावं किंवा मान डोलवावी. एकदा मी म्हटलं, "मामा, उद्या आपल्याला लग्नाला जायचंय." तर उत्तर आलं, "हौदु, मळी भाळ ऐति." लग्नाचा आणि पावसाचा काय संबंध? मुलीशी मात्र कन्नडात व्यवस्थित गप्पा चालायच्या. मी मनाशी हिशेब मांडला : यांना आता आमची मराठी कानावर नको झाली आहे. मग मीही बोलणं कमी केलं. जवळजवळ वर्षभर हे असं चाललं. एका छताखाली नसलो तरी आमची घरं एका गल्लीत आहेत.

शेवटी सौभाग्यवतीने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मी गाडी चालवायला म्हणून बरोबर गेलो. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला. डावीकडे रेघ जवळजवळ सरळ, उजवीकडे घाटातल्या रस्त्यासारखी खाली गेलेली. वय वाढलं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, असं ते म्हणाले. माणसाच्या बोलण्यात स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, त, फ, क असली व्यंजनं वरच्या पट्टीत, तीही अशक्त. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आपल्या मायबोलीत मेंदू गाळलेल्या जागा भरून घेतो. दुसऱ्या भाषेत तेवढं जमत नाही.

मी आलेखाकडे बघत राहिलो. वर्षभर मी ज्याला राग समजत होतो, त्या गाळलेल्या जागा होत्या.

सासूबाईंनी निदान ऐकून आपला निकाल दिला : "वास्कोचं विमान." डॉक्टर म्हणाले वयोमान. सासूबाई अजून आपल्या मतावर ठाम आहेत.

त्या दिवशी परत येताना मला काय वाटलं कोण जाणे, मी गाडी घरी न वळवता सांबऱ्याकडे नेली. 2017 साली तिथे नवी टर्मिनल इमारत झाली, पण सासऱ्यांना इमारतीचं काय? त्यांना रस होता तो 2019 पासून येऊ लागलेल्या स्टार एअरच्या एम्ब्रेअरमध्ये, शेपटीजवळ इंजिनं असलेलं पन्नास आसनांचं छोटं जेट, आणि 2023 साली सुरू झालेल्या दिल्लीच्या एअरबसमध्ये. त्याआधी फिरत्या पात्यांची विमानं जास्त, त्यांना ते 'गिरणी' म्हणतात. आम्ही थांबलो. जेट धावपट्टीच्या टोकाला वळून उभं राहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी काठी वर केली. "सुम्मनिर्री, मास्तर."

उड्डाणाचा आवाज एकसारखा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आधी दोन्ही इंजिनं थोडी चढतात आणि क्षणभर तिथेच थांबतात, गवयाने षड्ज लावून बघावा तशी. मग पूर्ण जोर. विमान आपल्याकडे येत असताना पुढच्या पंख्याची करवत ऐकू येते, पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे गेली की हा करवतीचा सूर उमटतो. समोरून विमान सरकलं की सूर झपकन खाली उतरतो आणि मागून येतो तो खर्ज, पोटात आणि पायाखाली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. हवा जरा विरळ, त्यामुळे विमानाला दाबोळीपेक्षा जास्त धावावं लागतं. आमच्या दृष्टीने फायदाच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा उड्डाण शहराच्या दिशेने, आणि तो खर्ज लांबत लांबत जातो.

करवतीचा बराचसा भाग सासऱ्यांना आता ऐकू येत नसणार. खर्ज मात्र पुरा येतो, मला येतो तेवढाच. तिथे त्यांना गाळलेल्या जागा भराव्या लागत नाहीत, आणि मलाही नाहीत.

नंतर त्यांना श्रवणयंत्र बसवलं. घरात त्याचा उपयोग होतो. मीही कन्नड बोलायला लागलोय. मुलं हसून लोळतात, पण सासरे मला दुरुस्त करतात आणि त्या निमित्ताने पुन्हा बोलतात. सीमाप्रश्नावरही बोललो एकदा, यावेळी जेवण झाल्यावर. मत दोघांचंही बदललं नाही.

परवाच्या रविवारी मी लांबून एअरबसचे दिवे पाहिले आणि उत्साहाने म्हणालो, "मावा, विमान बंदान!"

"यारु बंदान?" ते म्हणाले. "पायलट्टा? बंदैति अन्री, मास्तर."

मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं. त्या यंत्राला सलग चालणारा मोठा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो, ते तो दाबून टाकू बघतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून शेंगांच्या पुडीशेजारी खिशात ठेवलं, टोपी आणखी थोडी वर सरकवली आणि धावपट्टीकडे कान करून उभे राहिले.