नाकावर, नाहीतर डबीत

सॅक हलकी करायचं वेड एकदा लागलं की माणूस कुठल्याही थराला जातो. टूथब्रशची दांडी कापणारे, टी-शर्टचे टॅग उसवणारे, बिस्किटांचे पुडे घरीच फोडून एका पिशवीत ओतून नेणारे... असले महाभाग आमच्या ग्रुपमध्ये आहेत. निघायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावरच्या सॅकचा फोटो पाठवणारेही आहेत. या पंथाचे एक गुरू म्हणजे अमेरिकेचे रे जार्डिन. १९९२ मध्ये त्यांनी लांब पल्ल्याच्या भटकंतीवर पुस्तक लिहिलं आणि पाठीवरचं ओझं कमी करणं हा अनेकांसाठी छंदच होऊन बसला. पण या ग्रॅमच्या हिशेबात एक वस्तू कुणी धरतच नाही. कारण ती सॅकमध्ये नसतेच, नाकावर असते.

चष्मा. वीस-तीस ग्रॅमचा ऐवज. हेडलॅम्प विसरला तर मित्राच्या उजेडात चालता येतं. पाणी संपलं तर दुसऱ्याची बाटली तोंडाला लावता येते. चष्मा मात्र उसना मिळत नाही. मित्राचा नंबर तुमचा नसतो, आणि चुकून असला तर तो त्याला स्वतःलाच हवा असतो!

पुण्याहून खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडाला जायचं म्हणजे आळेफाटा आलाच. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. नाशिकच्या एसटीतून उतरायचं, चहा मारायचा, ओतूरवरून माळशेज घाटाकडे जाणारी कल्याणची गाडी पकडायची आणि खुबी फाट्याला उतरायचं. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याकडून वेद वदवले, त्याची समाधी फाट्याजवळच्या आळे गावात आहे. दर वेळी 'येताना बघू' म्हणतात आणि येताना सगळे झोपलेले असतात, ते सोडा. मुद्दा असा, की विसरलेली वस्तू आठवण्याची ही शेवटची बरी जागा. सेल, दोरी, प्लास्टिकच्या पिशव्या, सेफ्टी पिना, सगळं मिळतं. पण चष्म्याचं दुकान सापडलं तरी तुमच्या नंबरची, त्यातून सिलिंड्रिकल नंबर असलेली काच अर्ध्या तासात बसवून मिळेल, ही आशा नको. म्हणून माझं म्हणणं, चष्म्याचा बंदोबस्त इथेच करा. कल्याणच्या गाडीची वाट बघायची असतेच, तेवढा वेळ पुरतो.

हे इतकं गंभीरपणे का सांगतेय? आमच्यातला एक आयटीवाला, नंबर मायनस सहा. जानेवारीतला वीकेंड होता. हरिश्चंद्रगडावर तारामतीच्या पायथ्याच्या गुहेत सगळे ओळीने झोपलेले. याने चष्मा काढला आणि उशाशी, मॅटच्या कडेला ठेवला. घरी ठेवतो तसाच. रात्री दोनच्या सुमारास एक जण बाहेर जायला उठला. कुणाची झोप मोडायला नको म्हणून त्या सज्जन माणसाने हेडलॅम्पही लावला नाही. कट्, असा छोटासा आवाज झाला. एक काडी बिजागरीपाशी तुटली आणि डाव्या काचेचे दोन तुकडे.

मायनस सहा म्हणजे काय, ते चष्मा नसणाऱ्यांना कळत नाही. साधं गणित आहे. एक मीटर भागिले सहा. म्हणजे साधारण सतरा सेंटिमीटरपर्यंतचं जग स्पष्ट, त्यापलीकडे सगळं पाण्यात विरघळलेलं. कोकणकड्यावरची सकाळ त्याने दुसऱ्याच्या मोबाइलमधल्या फोटोत पाहिली. पण खरी परीक्षा उतरताना. टोलार खिंडीच्या वरचा तो कातळ, जिथे रेलिंग धरून उतरतात, तिथे पुढचा माणूस पायरी पायरी सांगत होता. 'उजवा पाय, वीतभर खाली. आता डावा. थांब, ओलं आहे.' चष्म्यावर पाय देणारा मित्र दोन सॅक घेऊन मागून येत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. उतरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. पाऊस असता तर काय, याचा विचार सगळ्यांनी केला आणि कुणीच बोलून दाखवला नाही.

गंमत म्हणजे उपाय त्याच्या खिशातच होता. खिंडीच्या अलीकडे कुणाला तरी सुचलं, मोबाइलचा कॅमेरा सुरू कर आणि स्क्रीन नाकासमोर धर. त्याला सतरा सेंटिमीटरपर्यंत दिसतं ना? मग स्क्रीनवर वाट दिसणारच, झूमही करता येतं. चालताना याचा उपयोग नाही, पाय अडखळतो. पण थांबून पुढची वाट बघायला, लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला एकदम झकास. मोबाइल बंद पडला तर आणखी जुनी युक्ती आहे. कागदाला सुईएवढं भोक पाडा, किंवा मूठ आवळून बारीक फट ठेवा, आणि त्यातून बघा. बारीक भोकातून प्रकाशाचे थोडेच किरण आत येतात, त्यामुळे डोळ्यात उमटणारा धूसरपणा कमी होतो. नंबर असलेल्यांनी हे आत्ता ऑफिसात बसूनच करून बघा. शेजारचा हसेल, हसू दे.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवून आहे, आणि माझं निरीक्षण असं की चष्मे कड्यावर फुटत नाहीत. चढताना आपण शहाण्यासारखे वागतो. चष्मा फुटतो तो काढून ठेवल्यावर. एसटीत खिडकीशी डुलकी घेताना मांडीवर ठेवला. केदारेश्वराच्या गुहेत त्या गार पाण्यात उतरायचं म्हणून कुठल्या तरी दगडावर ठेवला. तोंड धुताना, जर्सी डोक्यातून काढताना, फोटोसाठी ('चष्म्यात मी काकू दिसते गं'). म्हणून आमच्या ग्रुपचा आता एकच नियम आहे. चष्मा नाकावर, नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही. डोक्यावर नाही, कॉलरला लटकवून नाही आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात तर मुळीच नाही. कारण सॅक एसटीच्या फळीवर चेपली जाते, रात्री उशी होते आणि कुणीही तिच्यावर बसतं.

'पण डबीचं वजन!' असं हलक्या सॅकवाले ओरडणार. ओरडू देत. दुकानातून मिळणारी कडक डबी चष्म्याच्या तिप्पट-चौपट जड असू शकते, हे मान्य. मग एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून टाका, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, चष्मा कोरड्या मोज्यात घालून आत सरकवा आणि मोज्याचं उरलेलं टोक बुचासारखं आत खुपसा. वजन जवळजवळ शून्य, कारण मोजा तसाही नेणारच होतात. कुणी जेवणाचा रिकामा डबा वापरतात. माझा त्याला विरोध आहे. ठेच्याचं तेल काचेवर लागलं की दिवसभर जग लसणाच्या वासाचं आणि धुरकट दिसतं.

रात्री ही डबी बुटात. बूट कडक असतो, मॅटच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात असतो आणि सकाळी तो घातल्याशिवाय तुम्ही कुठे जाऊच शकत नाही. विंचवाच्या भीतीने बूट झटकायचा असतोच. फक्त आधी डबी काढा, मग झटका.

आता नाडी. पायजम्याची साधी सुती नाडी किंवा बुटाची बारीक लेस. दोन्ही टोकांना छोटे रबरबँड बांधायचे, ते काड्यांच्या टोकांवर दोन-तीन वेढे घालून बसवायचे आणि नाडी मानेमागे ठेवायची. दिसायला शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखं दिसतं, कबूल आहे. पण कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावताना घामेजलेल्या नाकावरून चष्मा घसरू लागतो, तेव्हा तीच नाडी देवासारखी वाटते. कड्याखालून वर येणारा वारा टोपी उडवून परत आणून देतो म्हणतात. चष्म्याच्या बाबतीत हा प्रयोग नको. याच कड्यावर १८३५ मध्ये कर्नल साइक्सने धुक्यावर उमटलेलं गोल इंद्रधनुष्य, आपलं इंद्रवज्र, पाहिल्याची नोंद आहे. ते दिसण्याचं भाग्य आलंच तर निदान फोकसमध्ये दिसावं! रबरबँडच हवेत, पक्की गाठ नको. कारवीच्या दाटीत नाडी अडकली तर ती सुटून यायला हवी, मानेला हिसका बसता कामा नये.

पुसण्याबद्दल एकच सांगते. कोरड्या काचेवरून टी-शर्टचं टोक फिरवणं बंद करा. एसटीच्या खिडकीतून आलेली धूळ म्हणजे बारीक खडेच, ते तुम्ही काचेवर घासता. आधी पाण्याची धार, तेलकट असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग कापड. कापड छोट्या झिपवाल्या पिशवीत, म्हणजे पावसातही कोरडं राहतं. डासांचं मलम लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय फ्रेमला हात नको. त्यात डीट नावाचं रसायन असलं तर ते काही प्लास्टिक आणि काचेवरचं कोटिंग खराब करतं.

स्क्रू पडला तर? सेफ्टी पिन घालून वाकवा, किंवा दोऱ्याचे चार वेढे घाला, घरापर्यंत टिकतं. निघण्यापूर्वी स्क्रू घट्ट करून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला तर पडतच नाही. झटकन चिकटणारा गोंद मात्र काचेजवळ आणू नका. त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते.

आणि जादा चष्मा? न्यायचाच. जुन्या नंबरचा, ड्रॉवरमध्ये पडलेला. अर्ध्या नंबरचा फरक असला तरी टोलार खिंड उतरवून देईल. फक्त तो दुसऱ्याच्या सॅकमध्ये ठेवा, म्हणजे एक सॅक घरंगळली तर दोन्ही चष्मे जाणार नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना टाकीच्या पाण्याने लेन्स धुण्याचा मोह होतो. तो आवरा. अशा पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या जंतूमुळे बुबुळाला होणारा संसर्ग दृष्टी घालवू शकतो.

गॉगलची कथा वेगळी. तो आपण स्टाइलसाठी घेतो आणि मग त्याच्या जिवावर उन्हात फिरतो. नुसती काळी काच काही कामाची नाही. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडवणारी काच नसेल तर ते जास्तच आत जातात. 'यूव्ही ४००' लिहिलेलं बघा, आणि ओळखीच्या चष्मेवाल्याकडे तपासायचं यंत्र असेल तर तपासून घ्या. सह्याद्रीत चुकलं तर डोकं दुखेल. हिमालयात बर्फावर चुकलं तर डोळे जातील, निदान काही दिवसांपुरते. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर गेला. खडकावर पाय ठेवताना नीट दिसावं म्हणून त्याने गॉगल काढले होते. परत आला आणि त्याच रात्री त्याला दिसेनासं झालं.

चष्मिस लोकांसाठी हलक्या सॅकच्या हिशेबात सगळ्यात चोख उत्तर म्हणजे नंबरचा गॉगल. एका वस्तूत ऊनही सांभाळलं आणि दिवसापुरता जादा चष्माही झाला. रात्री तो निरुपयोगी, म्हणून जुना चष्मा सुटत नाही. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा मला आवडतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. कडक उन्हाळ्यात त्या कमी गडद होतात, आणि गाडीच्या काचेआड तर बहुतेक होतच नाहीत, कारण त्यांना जागं करणारे किरण काचेनेच अडवलेले असतात.

परतीच्या रविवारी वेळ उरला म्हणून जुन्नरला वळून लेण्याद्री करणार असाल, तर नियम थोडा बदलतो. तिथे माकडं आहेत. पायऱ्या ३०० च्या आसपास आणि हातात पिशवी असेल तर सोबत भरपूर. बालीच्या उलुवातू मंदिरातली माकडं पर्यटकांचे चष्मे, टोप्या, मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत देतात. जाँ-बाप्तिस्त लेका आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी माकडं जास्त किमती वस्तूंवर डल्ला मारतात आणि सौदाही जास्तीचा करतात, असं त्यात आढळलं. अप्रेझलच्या वेळी आपल्याला इतकं जमलं असतं तर! आपल्याकडची माकडं एवढी व्यवहारी आहेत की नाही, याची परीक्षा स्वतःच्या चष्म्यावर कशाला? गॉगल डबीत आणि डबी सॅकच्या पोटात. नंबरचा चष्मा नाकावर, नाडीसकट. माकडाशी नजर भिडवू नका, खाऊ दाखवू नका. आणि एक काम आजच करा. नंबरच्या कागदाचा फोटो काढा, दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहिलेला आकडा त्यात येऊ द्या आणि तो फोटो ट्रेकच्या जोडीदाराला पाठवून ठेवा. माकडं मोबाइलसुद्धा नेतात.