शिवराईची बटणं करणाऱ्यांनो, जरा थांबा

परवा एका लग्नात नवरदेवाच्या जाकिटाला पाच बटणं बघितली. पाचही शिवराया. बफ मारून नव्या तांब्यासारख्या लखलखीत केलेल्या, मागून डाख देऊन हूक बसवलेला. फेट्याच्या ब्रोचात सहावी. नवरदेव अभिमानानं म्हणाला, "दादा, ओरिजिनल आहेत, महाराजांच्या काळातल्या!" लग्नात वाद नको म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बोलतो.

शिवराई महाराजांनी सुरू केली हे खरं, पण त्यांच्यानंतरही ती कित्येक वर्षं पाडली जात होती. त्या पाचातल्या दोन तर सरळ दुदांडी होत्या, अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या. म्हणजे पेशवाईतल्या. उरलेल्या तीन कुणाच्या? सांगता येत नाही. कारण 'छत्रपती' ही बाजू वर ठेवली होती आणि ज्या बाजूला राजाचं नाव असतं तिच्यावर डाख. शिव, शंभू, राम की शाहू, ते आता कुणालाच वाचता येणार नाही. महाराजांच्या नावानं विकलं आणि नावच बुजवलं!

शिवराई हातानं ठोकलेली. शिक्का मोठा, तांब्याचा तुकडा लहान, म्हणून बऱ्याच नाण्यांवर सगळी अक्षरं बसतच नाहीत. एकावर 'श्री राजा', दुसऱ्यावर नुसतं 'शिव'. कुठं 'शिव', कुठं 'शीव', कुठं 'सिव'. अशी अनेक नाणी शेजारी शेजारी ठेवून अभ्यासक अख्खा शिक्का जुळवतात. आपला कारागीर काय करतो? नाणं वाकडंतिकडं दिसतं म्हणून कड घासून गोल करतो. कडेचं अर्धं अक्षर आणि वजन, दोन्ही गेलं.

"नाण्यांचे दागिने आपल्याकडं पूर्वीपासून आहेत," असं म्हणाल. आहेत ना. आमच्या आजीकडं राणी छाप रुपयाला कडी लावलेली होती. पण तो रुपया टांकसाळीत यंत्रावर निघालेला, एकासारखा एक. शिवराईचं तसं नाही.

आणि कायद्याचंही बघा. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, परदेशी पाठवता तर येतच नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणं कलेक्टरला कळवावं लागतं. पावसाळ्यानंतर नदीपात्रात, नांगरटीत नाणी सापडतात हे आपल्या भागात पोरांनाही माहीत आहे. ती कुठं जातात, हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. पत्रकारही नाही. मीही आजवर एक ओळ छापलेली नाही, हे कबूल.

माझा राग कारागिरावर नाही. हात चांगला आहे त्याचा, पोट भरलंच पाहिजे. मग ३० जून २०११ ला बंद झालेली चिल्लर घ्या की. दहा पैशाचं कातरकाठी ॲल्युमिनियम, षटकोनी वीस पैसे, कफलिंकला काय देखणे दिसतील! ब्रिटिश काळातला भोकाचा पैसा तर सरकारनंच भोक पाडून दिलाय, तुम्हाला ड्रिलसुद्धा नको. फक्त चालू नाणं कापू नका, २०११ च्या नाणे कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि शिवराईच हवी असेल तर नवीन प्रतिकृती पाडा, तसं सांगून विका.

आता "तुम्हाला काय त्रास" असं लिहायला येणाऱ्यांसाठी. घरात डब्यात शिवराई असेल तर तिला चिंच लावू नका, घासू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सोनाराच्या काट्यावर वजन करा, कुठं मिळाली ते लिहा आणि खाली टाका. मग भांडू.